एक पाय गाडीत, एक पाय रस्त्यावर

न्हानूभायच्या गळ्यात एक पितळी शिट्टी असायची आणि ती दोन नोकऱ्या करायची. सकाळपासून दुपारी दोनपर्यंत ती केरी–म्हापसा बसच्या कंडक्टरची शिट्टी होती. एक लांब म्हणजे थांब, दोन तोकड्या म्हणजे चल. तीन वाजल्यानंतर तीच शिट्टी आमच्या गावच्या फुटबॉल क्लबाची व्हायची, कारण क्लबाचे मॅनेजर, प्रशिक्षक, निवड समिती आणि चेंडूंचे पोते वाहणारा माणूस हे सगळे न्हानूभाय एकटेच होते. शिट्टीचा अर्थ मात्र दोन्हीकडे बसचाच राहिला. एकदा समोरचा संघ चेंडू घेऊन आमच्या गोलाकडे सुटला तेव्हा न्हानूभायनी घाबरून एक लांब शिट्टी फुंकली. आमचे अकराच्या अकरा खेळाडू जागच्या जागी उभे राहिले. सगळे त्यांच्या बसचे रोजचे पॅसेंजर. समोरचे थांबले नाहीत. त्यांच्या गावाला दुसरी बस जायची.

तेव्हापासून सामना सुरू होण्याआधी रेफरी येऊन हात पुढे करायचा आणि म्हणायचा, "न्हानूभाय, शिट्टी." न्हानूभाय अंगावरचा दागिना उतरवून द्यावा तशी ती काढायचे आणि रेफरीकडे न देता माझ्याकडे द्यायचे. "बीएकडे ऱ्हवांदी. तो शिकलेलो आसा."

हे 'बीए' म्हणजे मी. ही पदवी मला विद्यापीठाने दिली त्याच्या तीन वर्षे आधी न्हानूभायनी देऊन टाकली होती. आमच्या भाटवाड्यात घरे नऊ, आणि त्या नऊ घरांत बारावीच्या पुढे गेलेला पहिला मीच. आई हरमलला पाहुण्यांच्या खोल्या झाडायला जायची. सकाळी विहिरीचे पाणी भरून, गुरांना गवत टाकून मी म्हापशाच्या कॉलेजला निघायचो आणि रोज न चुकता उशीर करायचो. डोंगराकडेच्या पायवाटेवरून पळत येताना मला खाली रस्ता दिसायचा, रस्त्यावर बस दिसायची आणि बसच्या मागच्या दारात न्हानूभाय दिसायचे. एक पाय गाडीत, एक पाय रस्त्यावर. तो दुसरा पाय रस्त्यावर असेपर्यंत ड्रायव्हर शाबा गाडी हलवू शकत नसे, आणि तो पाय मी येईपर्यंत वर जात नसे.

"न्हानू, शुक्रवार आसा! म्हापशाचो बाजार उठतलो!" शाबा पुढून ओरडायचा.

"बीए येता."

"तो बीए जायसर माजी गाडी भंगारात जातली!"

"तेका बीए जावचा आसा, आपणाक म्हापशाक जावचा आसा. वाट एकच मरे." आणि मग ते वाक्य, जे त्या बसमध्ये बसलेल्या प्रत्येकाला पाठ होते: "स्टॉपार उबो तो आपलो."

मी तर स्टॉपवर उभाही नसायचो, स्टॉपच्या दिशेने धावत असायचो. पण न्हानूभायच्या हिशेबी तेही उभे राहण्यातच जमा होते. तीन वर्षांत माझी एकही परीक्षा चुकली नाही. गेल्या वर्षी गणेश चवथीच्या आधी न्हानूभाय गेले. तेव्हापासून मी त्या पायाविषयी लिहीन म्हणतो आहे. पण त्याच पायाने आमच्या क्लबाचे काय केले, हे लपवून लिहिले तर ते खरे होणार नाही.

आता आमच्या संघाची निवड कशी व्हायची ते सांगतो. आमच्या गावात सात वाडे आहेत आणि देवीच्या जत्रेत प्रत्येक वाड्याचा मान ठरलेला आहे. कुणी छत्र धरायचे, कुणी तरंगाच्या काठ्या उचलायच्या, कुणी ढोल वाजवायचा. त्यावरून पूर्वी भांडणे झाली, ती मिटली, आणि आता कुणी विचारतही नाही. न्हानूभायनी क्लब हातात घेतला तेव्हा त्यांना वाटले, इतकी चांगली पद्धत तयार असताना नवी कशाला शोधायची? त्यांनी जत्रेची वाटणी उचलून मैदानावर ठेवली. देऊळवाड्याचे लोक देवळाच्या दाराशी उभे राहतात, म्हणून गोलकीपर देऊळवाड्याचा. छत्रवाले पाठीमागून चालतात, म्हणून ते बॅक. मोठ्या वाड्यांना दोन-दोन जागा, लहानांना एक. आणि पालखीच्या सर्वांत पुढे दिवटी घेऊन चालायचा मान भाटवाड्याचा, म्हणून सेंटर फॉरवर्ड भाटवाड्याचा. भाटवाड्यात त्या वयाचा मुलगा एकच होता. तो पुस्तक घेऊन झाडाखाली बसायचा आणि त्याला चेंडू दिसला की तो बाजूला व्हायचा.

अशा रीतीने मी सेंटर फॉरवर्ड झालो.

"न्हानूभाय, माका खेळूक येना नाय," मी पहिल्याच दिवशी सांगितले.

"तुज्या आज्याक तरी दिवटी पेटवूक खंय येत होती? पण धरली मरे त्याने."

या पद्धतीत एकदाच, चुकून, एक गोष्ट बरोबर घडली. ढोल मिरवणुकीच्या मधोमध चालतो आणि ढोलाचा मान खालच्या वाड्याचा, म्हणून मैदानाच्या मधली जागा खालच्या वाड्याच्या रूपेशला मिळाली. रूपेशसारखा खेळाडू मी त्यानंतर पाहिलेला नाही. त्याचे बाबा होडीवर जायचे आणि त्यांना पाण्यात कुठे जाळे टाकायचे ते जसे दिसायचे, तसे रूपेशला मैदानावर रिकामी जागा दिसायची. मान वर न करता तो चाळीस पावलांवर चेंडू टाकायचा, आणि तो असा पडायचा की पुढे धावणाऱ्याने फक्त पाय लावावा. अडचण एवढीच की पुढे मी होतो. भात कापल्यानंतरच्या शेतात आमचा सराव चालायचा. रूपेशचा पास पडेल तिथे माझ्याऐवजी बगळा असायचा. पुढे पुढे बगळेही ओळखू लागले आणि पास सुटला की मला विचारल्यासारखे माझ्याकडे पाहायचे.

न्हानूभायना रूपेशचे अप्रूप नव्हते असे नाही. ते बसमध्ये अनोळखी माणसांना सांगायचे, "आमच्याकडे एक पोरगो आसा, हंयसून मारलो तर चेंडू शिवोलीच्या पुलाकडे पडता." शाबा पुढून विचारायचा, "आनी थंय घेवक कोण आसता?" त्यावर न्हानूभाय तिकिटे फाडायला लागायचे.

क्लबाने कधी चषक जिंकला नव्हता. त्या वर्षी म्हापशाच्या एका मोठ्या क्लबाची माणसे रूपेशला पाहून गेली. दिवाळीनंतर एका संध्याकाळी सराव संपल्यावर रूपेश न्हानूभायसमोर उभा राहिला. तो फार बोलणारा नव्हता.

"न्हानूभाय, माका गाव सोडूचा नाय. पण असो खेळूचो पण नाय. ह्या वर्सा आंतरगावचो कप आपण जिंकूया. जिंकलो तर मी हंयच. नाय तर मी म्हापशाक जातलो."

"जिंकूया की. कोण नाय म्हणता?"

"माका फुडे एक माणूस जाय. धावणारो." माझ्याकडे पाहून तो म्हणाला, "बीए, राग धरू नको."

मला राग कसला येणार? मला तर त्याला मिठी मारावीशी वाटली.

तो माणूस रूपेशने स्वतःच शोधून आणला. हरमलला नव्या खोल्यांच्या बांधकामावर सेंट्रिंगचे काम करणारा सागर, कोल्हापूरचा. सुट्टीच्या दिवशी तो वाळूत अनवाणी खेळत असे. रूपेशने एकदा गंमत म्हणून त्याच्या पुढे चेंडू टाकला आणि चेंडू जमिनीला लागण्याआधी हा तिथे हजर. त्या दिवशी दोघे अंधार पडेपर्यंत वाळूत खेळले, असे रूपेश सांगत होता. सांगताना तो हसत होता. तसे हसताना मी त्याला मैदानावर कधी पाहिले नव्हते.

सागर आला तेव्हा न्हानूभायनी त्याला नखशिखांत पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला. "खंयच्या वाड्याचो?"

"वाडा? मी साइटवर राहतो ओ काका. पत्र्याच्या खोलीत."

"तसा नाय. वाडो खंयचो?"

"काका, मला बॉल मारायचाय का घर बांधायचंय?"

आम्ही हसलो. न्हानूभाय हसले नाहीत. त्यांच्यापुढे खरोखरच पेच होता. मी म्हटले, "भाय, माझी जागा द्या. आमच्या वाड्याची काही हरकत नाही." ते माझ्याकडे असे पाहू लागले की जणू मी देवीची दिवटी कोल्हापूरच्या बसमध्ये विसरून आलो. चार दिवस त्यांनी काहीच ठरवले नाही. पाचव्या दिवशी ते सुट्टी घेऊन हरमलच्या साइटवर गेले, पत्र्याच्या खोल्यांभोवती एक फेरी मारून आले आणि आम्हाला सांगितले, "नव खोल्यो आसत. भाटवाड्यात घरां कितकीं? नव. मग वाडो जालो मरे! बीए, लिही. सागर, साइटवाडो."

मी लिहिले. माझे नाव मीच खोडले आणि इतक्या आनंदाने खोडले की कागद फाटला. न्हानूभायनी तो फाटलेला भाग नीट जुळवून पाहिला. "खोडू नको रे. राखीव म्हणून लिही. मान खोडूचो नसता."

पुढचे दोन महिने आमच्या गावाने फुटबॉल पाहिला. रूपेशचा पास आणि सागरचा पाय यांची भेट ठरलेली असायची, आणि आता बगळ्यांना शेताच्या कडेला जाऊन बसावे लागले. आम्ही पहिल्या फेरीत जिंकलो, दुसऱ्या फेरीत जिंकलो, उपान्त्य फेरीतही जिंकलो. न्हानूभाय शाबाला रोज सांगायचे, "घेवक कोण आसता, विचारी होतस न्हय? आता विचार!" पेडण्याच्या मैदानावर अंतिम सामना ठरला. समोर डिचोलीकडचा संघ, खाणीवर ट्रक चालवणारे. खाणीचे काम थांबलेले होते आणि त्यांना सरावाला वेळच वेळ होता.

त्या दिवशी रूपेशने मैदानात उतरण्याआधी न्हानूभायना एकच विचारले. "सागर पुरो वेळ खेळतलो न्हय?"

"पुरो वेळ," न्हानूभाय म्हणाले आणि शिट्टी काढून माझ्या हातात दिली.

पूर्वार्धात रूपेशने आमच्या बाजूने एक उंच चेंडू मारला. ट्रकवाल्यांचे दोघे तो कुठे पडतो ते पाहत राहिले. सागर पाहत राहिला नाही. त्याने छातीवर घेतला, एकदा उडू दिला आणि जाळ्यात मारला. आमचा अख्खा गाव नाचला. न्हानूभायनी सवयीने गळ्याशी हात नेला, शिट्टी नव्हती, तर तोंडानेच दोन तोकड्या शिट्ट्या मारल्या.

एक-शून्य. उत्तरार्ध सुरू झाला तेव्हा मी बाकावर इतका सुखात बसलो होतो की मला मागे काय चालले आहे ते कळले नाही. मागे माझी आई आली होती. तिने कामावर अर्धी सुट्टी मागून घेतली होती, सणाची साडी नेसली होती आणि शेजारच्या दोघींना बरोबर आणले होते. माझा खेळ तिने कधी पाहिला नव्हता. मी सेंटर फॉरवर्ड आहे एवढे तिला माहीत होते आणि ते तिने खोल्यांत उतरलेल्या रशियन पाहुण्यांनाही सांगितले होते. मी जागा सोडल्याचे तिला सांगायचे मी पुढे ढकलत आलो होतो.

"न्हानूभाय," तिने छत्री मिटत विचारले, "आमचो खंय?"

न्हानूभाय म्हणाले, "आसा, आसा." मग त्यांनी मैदानाकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले, पुन्हा तिच्याकडे पाहिले. ती टाचा उंचावून बावीस मुलांत मला शोधत होती. मी त्यांचा चेहरा ओळखत होतो. शाबा ओरडत असताना आणि मी पायवाटेवरून धावत येत असताना तो तसाच असायचा.

"बीए, उठ."

"भाय, नको."

"तुजी आवय आयल्या."

"मी तिला समजावून सांगतो. एक-शून्य आहे, भाय! तुम्ही रूपेशला शब्द दिलाय!"

"अर्दी सुटी घेवन आयल्या ती. स्टॉपार उबो तो आपलो. उठ."

"मग दुसऱ्या कुणाला काढा. सागरला नको."

"दिवटी एकच आसता रे," ते म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "दोगांनी कशी धरूची?"

सागर बाहेर आला. "काय झालं ओ काका? माझं काय चुकलं?"

"चुकला नाय बाबा." न्हानूभायनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तुजो स्टॉप आयलो."

मी आत गेलो. रूपेश कमरेवर हात ठेवून उभा होता. तो माझ्याकडे पाहत नव्हता, माझ्यावरून न्हानूभायकडे पाहत होता. आई टाळ्या वाजवत होती.

ट्रकवाल्यांनी मला पाच मिनिटांत ओळखले. मला सांभाळणारा त्यांचा माणूस पुढे निघून गेला, कारण मला सांभाळायची गरज नव्हती. एक-एक झाले. मग दोन-एक. अगदी शेवटी रूपेशने एक पास दिला. मला आजही तो पास दिसतो. मैदानाच्या त्या टोकाकडून निघाला, चार जणांच्या मधून आला आणि माझ्या उजव्या पायापाशी येऊन जवळजवळ थांबला. गोलकीपर घसरून पडलेला. माझ्यासमोर फक्त जाळे. मी सगळी ताकद एकवटून लाथ मारली. पाय चेंडूवरून गेला आणि मी चेंडूवर आडवा पडलो. रेफरीने सामना संपवला तेव्हा चेंडू माझ्या पोटाखालीच होता.

आई आजही लोकांना सांगते, "सगळे त्या चेंडवाच्या मागे लागलेले, पण आमच्या पोराने शेवटपर्यंत कुणाक दिलो नाय."

मैदान रिकामे होत होते तेव्हा रूपेश बूट सोडत बसला होता. न्हानूभाय त्याच्याजवळ जाऊन उभे राहिले. मी शिट्टी परत द्यायला गेलो म्हणून मला ते ऐकू आले.

"माका एकच माणूस जाय होतो, न्हानूभाय."

"दिलो होतो मरे तुका."

"दिलो," रूपेश म्हणाला. "आनी काडून घेतलो."

न्हानूभायनी माझ्याकडून शिट्टी घेतली, पण गळ्यात घातली नाही. खिशात ठेवली. त्यानंतर पंधरा दिवस ते बसमध्ये नुसते बसच्या पत्र्यावर थाप मारून गाडी सोडायचे. शाबानेही त्यांना चिडवले नाही, आणि ते आम्हा सगळ्यांना जास्त जड गेले.

मग तो सोमवार आला. माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा होती, त्यामुळे मी आश्चर्यकारकरीत्या वेळेवर होतो आणि खिडकीशी बसलो होतो. खालच्या वाड्याच्या स्टॉपवर कुणी नव्हते. तरी न्हानूभाय उतरले. एक पाय गाडीत, एक पाय रस्त्यावर.

"आता कोण?" शाबाने आरशातून विचारले. "बीए तर आत बसलो आसा!"

"रूपेश येता. आज तेचो म्हापशाक पयलो दिवस."

"न्हानू, तुका येड लागला? तो आपलो क्लब सोडून जाता! तेका कित्या गाडी धरून ऱ्हवतस? चुकांदी तेची बस! दोन दिवस चुकली तर थंयचे लोक तेका काडून टाकतले, आनी येतलो परत!"

बसमधल्या मासळीवाल्या बायकाही म्हणाल्या, "बरोबर बोलता तो."

मला वाटते, न्हानूभायनी त्याचा विचार केला. निदान एक क्षणभर. कारण तो पाय रस्त्यावरून थोडासा उचलला गेलेला मी पाहिला. मग तो पुन्हा खाली टेकला.

रूपेश गल्लीतून धावत आला, बुटांची पिशवी खांद्यावर. न्हानूभायना दारात पाहून तो थबकला. न्हानूभायनी हात पुढे केला, त्याने तो धरला आणि वर चढला. शाबाने गिअर टाकला.

"न्हानूभाय," रूपेश खाली पाहत म्हणाला, "दोन मिनिटां ऱ्हवशात? पाठीमागसून आनीक एकटो येता."

"कोण?"

सांगायची गरजच उरली नाही. हरमलच्या वाटेने सागर एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात नवे बूट घेऊन पळत येत होता. म्हापशाच्या क्लबाने रूपेशला विचारले होते, तुला काय पाहिजे? आणि त्याने एकच माणूस मागितला होता.

शाबा सीटवरून पूर्ण मागे वळला. त्याच्या डोळ्यांत पंधरा दिवस साठवलेली मजा होती.

"काय रे न्हानू? स्टॉपार उबो तो कोणाचो?"

न्हानूभायचा तो पाय रस्त्यावरच होता. सागर धापा टाकत पोचला, "काका, थांबलात व्हय!" म्हणाला आणि आत चढला. न्हानूभायनी पुढच्या सीटवरून मासळीच्या दोन टोपल्या खाली सरकवल्या, त्या बायकांच्या शिव्या खाल्ल्या आणि त्या दोघांना शेजारी शेजारी बसवले. थोडे मागे सरून एकदा त्यांच्याकडे पाहिले, जसे माणूस भिंतीवर लावलेली तसबीर सरळ आहे की नाही ते पाहतो.

मग त्यांनी खिशातून शिट्टी काढली, सदऱ्याला पुसली, गळ्यात घातली आणि दोन तोकड्या शिट्ट्या मारल्या.